घरातले भारनियमन कोण करणार?

भारनियमन हा शब्द महाराष्ट्राला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही. २००५ नंतरची काही वर्षे राज्यातील गावांनी आणि शहरांनी या शब्दाच्या धाकात काढली. कोणत्या भागाची वीज किती तास जाणार, हे वीजगळती आणि थकबाकी यांच्या निकषांवर ठरत असे आणि ज्याची वीज जाई, त्याला त्यात काही म्हणायला वाव नसे. आता हाच प्रश्न वेगळ्या रूपात घराच्या उंबरठ्याच्या आत आला आहे. ग्रीडशी संबंध नसलेल्या, केवळ सौरऊर्जा आणि बॅटरी यांवर चालणाऱ्या घरात वीज कमी पडू लागली की काही उपकरणे बंद करावीच लागतात. ती कोणती, कधी आणि कोणाच्या आधी, हे ठरवणे म्हणजे घरातले भारनियमन. प्रत्यक्ष बंद-चालू करण्याचे काम आता यंत्र बिनचूक करू शकते. काय अत्यावश्यक आणि काय नाही, हा निर्णय मात्र माणसालाच घ्यावा लागतो. आणि नेमका तोच बहुतेकदा घेतला जात नाही.

शहरी वाचकाला परिचित असलेली छतावरील सौरवीज आणि ही व्यवस्था यांत मूलभूत फरक आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘पीएम सूर्यघर मोफत वीज योजने’त १ कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले; पण तिचा भर ग्रीडला जोडलेल्या संचांवर आहे. असा बॅटरीविना बसवलेला साधा संच बाहेरची वीज गेली की भर दुपारी लख्ख उन्हातही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये, म्हणून ती तरतूद मुद्दामच केलेली असते. एरवी मात्र कमी पडलेली वीज ग्रीड पुरवते आणि जास्तीची वीज सामावून घेते. डोंगरावरच्या वस्तीत, बेटावर किंवा गावापासून दूरच्या शेतघरात ही सोय नाही. तेथे जमा आणि खर्च यांचा मेळ दररोज घरातच घालावा लागतो.

हा हिशेब एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, सह्याद्रीच्या कुशीतील एका घरावर ३ किलोवॅटचे सौरपट्ट आहेत. निरभ्र दिवशी त्यांतून सुमारे १२ युनिट वीज मिळते. बॅटरी ४८ व्होल्ट, २०० अँपिअर-तासांची, म्हणजे कागदोपत्री ९.६ युनिटची आहे. परंतु ती शिसे-आम्लाची असेल, तर आयुष्य टिकावे म्हणून निम्म्याहून अधिक रिकामी करू नये असा संकेत आहे. म्हणजे रात्रीसाठी हाती उरतात ४.८ युनिट. आता खर्च पाहू. ७५ वॅटचे तीन पंखे आठ तास चालले तर १.८ युनिट, रात्रभरात फ्रिजला अर्धा युनिट, दिवे, दूरचित्रवाणी आणि राउटर मिळून पाऊण युनिटाच्या आत, खुद्द इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च अर्धा युनिट. एकूण साडेतीन युनिट. रात्र निभावली. पण पहाटे कोणी २ किलोवॅटचा गिझर तासभर चालू ठेवला की आणखी २ युनिट जातात आणि बॅटरी धोक्याच्या रेषेखाली उतरते. हे निरभ्र दिवसाचे गणित झाले. जुलैत दाट ढगांचे तीन दिवस सलग आले की १२ युनिटांची अपेक्षाच करता येत नाही.

यावर विक्रेत्यांचे नेहमीचे उत्तर म्हणजे आणखी मोठी बॅटरी. वर्षातील मोजक्या अंधाऱ्या दिवसांसाठी बॅटरी दुप्पट करणे हा सर्वांत महागडा उपाय आहे. त्याहून स्वस्त आणि शहाणपणाचा मार्ग म्हणजे घरातील जोडण्यांची वर्गवारी. पहिल्या वर्गात दिवे, एखादा पंखा, मोबाइलचे चार्जिंग आणि वैद्यकीय उपकरणे. दुसऱ्यात फ्रिज, उरलेले पंखे, दूरचित्रवाणी. तिसऱ्यात गिझर, पाण्याचा पंप, धुलाई यंत्र आणि इस्त्री. प्रत्येक वर्गाची वायरिंग वेगळी काढायची आणि दुसऱ्या व तिसऱ्या वर्गाच्या वाटेवर रिलेने चालणारा कॉन्टॅक्टर बसवायचा. बॅटरी ७० टक्क्यांवर आली की तिसरा वर्ग बंद, ६० टक्क्यांवर दुसरा. पहिल्या वर्गाला या यंत्रणेने हातच लावायचा नाही. तो केवळ बॅटरीच्या अंतिम संरक्षणासाठी तुटेल.

कागदावर सोपी दिसणारी ही योजना प्रत्यक्षात दोन-तीन ठिकाणी अडखळते. पंप सुरू होताना मोटर क्षणभर नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह खेचते आणि बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यापुरता कोसळतो. यंत्रणा केवळ व्होल्टेज पाहत असेल, तर भरलेली बॅटरीही तिला रिकामी वाटते. उलट, भार काढताच व्होल्टेज पुन्हा वर येतो, यंत्रणा भार पुन्हा जोडते आणि बंद-चालूचा खेळ सुरू होतो. म्हणून तोडण्याची आणि जोडण्याची पातळी वेगळी ठेवावी लागते. ७० टक्क्यांवर तोडलेला भार ८५ टक्क्यांआधी जोडायचा नाही. शिवाय निर्णयाआधी काही वेळ थांबण्याची सवय यंत्राला लावावी लागते. फ्रिजचा कॉम्प्रेसर बंद झाल्यावर किमान काही मिनिटे पुन्हा सुरू होता कामा नये, अन्यथा तोच निकामी होण्याची भीती असते. अलीकडे वाढलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांत तर व्होल्टेज बराच काळ जवळजवळ स्थिर राहतो. तेथे आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली, याची मोजदाद हाच भरवशाचा आधार ठरतो.

या व्यवस्थेची दुसरी बाजू कमी चर्चिली जाते. भार तोडणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो योग्य वेळी जोडणेही. उन्हाळ्यात दुपारी बारा-एकपर्यंत बॅटरी भरते आणि त्यानंतरची सौरवीज अक्षरशः वाया जाते. त्याच वेळी पंप आपोआप सुरू होऊन छतावरची टाकी भरली, गिझरचे पाणी तापले, तर सूर्य पाण्यात साठवला गेला असे म्हणता येईल. भरलेली टाकी ही सर्वांत स्वस्त बॅटरी आहे. म्हणजेच ‘अनावश्यक’ भार खरे तर अनावश्यक नसतात. ते वेळ बदलू शकणारे भार असतात.

हे तत्त्व नवे नाही. देशाच्या ग्रीडमध्ये वारंवारिता ५० हर्ट्झच्या फार खाली गेली की ठरावीक भार आपोआप तोडणारे रिले असतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर व पूर्व भारत अंधारात गेला, तेव्हा या रिलेंकडून अपेक्षित साथ मिळाली नव्हती. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईला उर्वरित ग्रीडपासून अलग करून वीज टिकवण्याची ‘आयलँडिंग’ व्यवस्थाही तग धरू शकली नाही आणि लोकल गाड्या थांबल्या. धडा एकच: आपोआप चालणारी व्यवस्था तपासली नाही, तर ती आहे असे समजणेच धोक्याचे. घरातही फोनवरून चालणारे स्मार्ट प्लग बसवायचे आणि ते ज्यावर अवलंबून आहेत तो राउटर दुसऱ्या वर्गात टाकायचा, असे घडू शकते. राउटर बंद होताच सगळी हुशारी संपते.

सर्वांत कळीचा मुद्दा मात्र तांत्रिक नाही. २०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेत दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा सौरसंच ठरवण्यात आला. त्यात पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि एक सॉकेट होते. त्या घरांसाठी अत्यावश्यकतेची यादी दिल्लीत तयार झाली. मिक्सरला किंवा पंपाला तिच्यात स्थान नव्हते. संपन्न शेतघरात ही यादी वायरमन करतो किंवा घरातील कर्ता पुरुष. पाणी कोण भरते, स्वयंपाक कोण करते, हे विचारल्याशिवाय पंप आणि मिक्सर तिसऱ्या वर्गात जातात आणि क्रिकेटचा सामना दुसऱ्यात राहतो. मधुमेही आजोबांचे इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असेल, तर त्या घरात फ्रिजची जागा पहिल्या वर्गात आहे. हे कोणत्याही यंत्राला आपणहून कळणार नाही.

संच विकताना किती वॅट आणि किती वर्षांची हमी, हे सांगितले जाते. बॅटरी निम्म्यावर आली की या घरात आधी काय बंद व्हावे, हा प्रश्न घरातील सर्वांना विचारून, उत्तर कागदावर लिहून मगच वायरिंग करणे ही खरी पहिली पायरी आहे. सरकारी मदतीच्या संचांतही दोन स्वतंत्र वितरणपेट्यांची आणि अशा यादीची अट सहज घालता येईल. राज्याच्या भारनियमनात आपल्याला कोणी विचारले नाही, ही तक्रार रास्तच होती. निदान स्वतःच्या घरात तरी ती कोणाला करावी लागू नये.