अपमानाची किंमत ९,३२९ मते!

अपमान करणारा माणूस सहसा अविचारी नसतो. त्याने मनातल्या मनात एक हिशेब केलेला असतो. समोरचा माणूस आपले काय वाकडे करू शकेल, याचा तो हिशेब असतो. समोरच्याच्या हातात जमीन नाही, अधिकार नाही, वर्तमानपत्र नाही, हे पाहूनच जीभ सैल सुटते. आपल्या गावगाड्यात शतकानुशतके हेच चालत आले. बाबासाहेबांनी या हिशेबात एक नवा आकडा घातला. तो आकडा म्हणजे मत! १९१९ साली साउथबरो समितीपुढे आणि पुढे १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी मताच्या अधिकाराचा आग्रह धरला, तो उगीच नव्हे. हे मत काय करू शकते आणि एकटे मत काय करू शकत नाही, हे समजून घ्यायचे असेल तर अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात २००६ साली झालेली सिनेटची निवडणूक चळवळीतील प्रत्येक कार्यकर्त्याने अभ्यासली पाहिजे.

सिनेट हे अमेरिकन संसदेचे वरिष्ठ सभागृह. प्रत्येक राज्यातून दोन सिनेटर थेट जनतेतून निवडले जातात आणि त्यांची मुदत सहा वर्षांची असते. व्हर्जिनियाचे रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज ॲलन हे बडे प्रस्थ होते. १९९४ ते १९९८ ते राज्याचे गव्हर्नर होते. २००० साली ते सिनेटवर निवडून आले. २००८ सालच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीही त्यांचे नाव घेतले जात होते. २००६ च्या उन्हाळ्यात मतचाचण्यांत ते चांगले आघाडीवर होते. प्रतिस्पर्धी जिम वेब यांना फारसे कोणी मोजत नव्हते.

११ ऑगस्ट २००६ रोजी केंटकी राज्याच्या सीमेजवळच्या ब्रेक्स या गावी ॲलन यांची सभा होती. वेब यांच्या प्रचारातला भारतीय वंशाचा, वीस वर्षांचा एक विद्यार्थी तेथे कॅमेरा घेऊन चित्रीकरण करीत होता. ॲलन यांनी भर सभेत त्याच्याकडे बोट दाखविले आणि त्याला ‘मकाका’ म्हटले. एकदा नव्हे, दोनदा. वर ‘अमेरिकेत तुझे स्वागत असो’ असा टोमणाही मारला. गर्दी हसली.

‘मकाका’ हे माकडांच्या एका कुळाचे शास्त्रीय नाव आहे. आपल्याकडे देवळांच्या आवारात दिसणारे लाल तोंडाचे माकड याच कुळातले. आफ्रिकेतल्या वसाहतींत फ्रेंच बोलणारे गोरे हा शब्द तेथील माणसांना हिणविण्यासाठी वापरीत. ॲलन यांच्या मातोश्री ट्युनिशियात वाढलेल्या होत्या. गंमत पाहा, ज्याचे ‘अमेरिकेत स्वागत’ केले तो तरुण व्हर्जिनियातच जन्मलेला, आणि स्वागत करणारे सिनेटर मात्र जन्माने कॅलिफोर्नियाचे! दोघांचे विद्यापीठही एकच. पण वर्णवर्चस्वाच्या डोळ्यांना जन्मदाखला दिसत नाही, कातडी दिसते. आपल्याकडे आडनाव दिसते, एवढाच काय तो फरक.

पुढे नेहमीचाच प्रकार झाला. आधी सांगितले गेले की, त्या मुलाच्या केशरचनेवरून केलेली ती थट्टा होती. मग सांगितले गेले की, शब्दाचा अर्थच ठाऊक नव्हता. शेवटी माफी मागितली गेली. आपल्याकडेही जातिवाचक शिवीगाळ केल्यावर ‘तसा हेतू नव्हता’ असे म्हणण्याची पद्धत आहेच. हेतू तपासायचा असेल तर मागचा इतिहास पाहावा लागतो. याच ॲलन यांनी वकिली कार्यालयात फाशीचा दोर टांगून ठेवला होता. ज्या देशात हजारो कृष्णवर्णीयांना जमावाने झाडाला लटकावून मारले, त्या देशात! गव्हर्नर असताना त्यांनी ‘कॉन्फेडरेट’ इतिहासाचा महिना साजरा करण्याचे फर्मान काढले होते. कॉन्फेडरेट म्हणजे १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेली दक्षिणेकडची राज्ये. हे सारे उघड असूनही ते सिनेटर झाले. मग २००६ सालीच काय बिघडले?

याचे उत्तर शोधताना व्हर्जिनियाच्याच आणखी एका सिनेटरची आठवण करून दिली पाहिजे. हॅरी बर्ड हे १९३३ ते १९६५ अशी बत्तीस वर्षे सिनेटर होते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या, तेव्हा या बर्ड महाशयांनी प्रचंड प्रतिकाराची हाक दिली. त्या प्रतिकाराचा कळस म्हणजे प्रिन्स एडवर्ड कौंटीत १९५९ ते १९६४ अशी पाच वर्षे सरकारी शाळाच बंद ठेवण्यात आल्या. काळी मुले गोऱ्या मुलांच्या शेजारी बसण्यापेक्षा शाळेलाच कुलूप बरे! चवदार तळ्याचे पाणी ‘शुद्ध’ करणाऱ्यांचीच ही जात. एवढा अन्याय करूनही बर्ड यांना निवडणुकीची कधी धास्ती वाटली नाही. १९५८ साली आणि १९६४ साली ते आरामात निवडून आले.

बर्ड यांनी एका पिढीच्या शिक्षणाचा गळा घोटला आणि ते जिंकले. ॲलन एक शब्द बोलले आणि पिछाडीवर गेले. पन्नास वर्षांत व्हर्जिनियाचे गोरे एकदम सज्जन झाले काय? तसे मुळीच नाही. २००६ सालीही गोऱ्या मतदारांचे बहुमत ॲलन यांच्याच बाजूला होते. फरक पडला तो मतदार यादीमुळे. १९०२ च्या राज्यघटनेने व्हर्जिनियात मतदानावर कर बसविला होता. वर्षाला दीड डॉलर, आणि तोही सलग तीन वर्षांचा आगाऊ भरल्याशिवाय मत नाही. अशा युक्त्यांनी कृष्णवर्णीय आणि गरीब गोरे यांना यादीबाहेर ठेवले गेले. १९६५ साली मताधिकार कायदा आला. १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाचा हा कर रद्द केला. यादीत नसलेल्या माणसाचा अपमान फुकट पडतो. यादीत असलेल्या माणसाचा अपमान महाग पडतो. बर्ड आणि ॲलन यांच्यातला फरक एवढाच आहे.

ऑगस्टनंतर ॲलन यांची आघाडी वितळू लागली आणि ऑक्टोबर अखेरच्या काही चाचण्यांत ते वेब यांच्या मागे पडले. एकट्या त्या शब्दाने हे घडले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. इराक युद्धामुळे बुश सरकारविरुद्ध संताप होता. वॉशिंग्टनलगतच्या उत्तर व्हर्जिनियात नवी, नाना वंशांची वस्ती वाढली होती. परंतु अटीतटीच्या लढतीत एक धक्काही पुरतो. ७ नोव्हेंबर २००६ रोजी मतदान झाले. वेब यांना ११,७५,६०६ आणि ॲलन यांना ११,६६,२७७ मते मिळाली. फरक ९,३२९ मतांचा! म्हणजे दर हजार मतांमागे अवघी चार मते. कृष्णवर्णीय मतदारांनी प्रचंड बहुमताने वेब यांना साथ दिली नसती, तर हा निकाल लागलाच नसता. याच जागेने सिनेटचे बहुमतही फिरले.

हजारात चार मते म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत खुद्द घटनेच्या शिल्पकाराचा मुंबईत पराभव झाला, तो साधारण साडेचौदा हजार मतांनी. एवढ्या मतांनी देशाने संसदेतील केवढा आवाज गमावला!

मतचाचण्यांच्या आकड्यांवर विसंबून राहणाऱ्यांनीही व्हर्जिनियाकडे पाहावे. १९८९ साली डग्लस वाइल्डर हे कृष्णवर्णीय नेते तेथे गव्हर्नरपदासाठी उभे होते. चाचण्यांत ते मोठ्या आघाडीवर होते. प्रत्यक्षात निवडून आले ते सात हजारांहूनही कमी मतांनी. चाचणीवाल्यांपुढे ‘आम्ही वर्णभेद मानत नाही’ म्हणणाऱ्या अनेकांनी मतदानयंत्रासमोर आपला वर्ण ओळखला. आपल्याकडे उलटे घडते. गावात राहायचे, सवर्णांच्या शेतावर राबायचे, तो माणूस परक्याला आपले मत कशाला सांगेल? २००७ साली उत्तर प्रदेशात बहुतेक चाचण्या त्रिशंकू विधानसभा सांगत होत्या. बहुजन समाज पक्षाने ४०३ पैकी २०६ जागा जिंकल्या. २०२४ च्या लोकसभेलाही संविधानाच्या काळजीने केलेले मतदान चाचणीवाल्यांना मोजता आले नाही. म्हणून पिछाडी पाहून खचू नये आणि आघाडी पाहून झोपू नये.

येथपर्यंत ही आनंदाची कथा आहे. पण चळवळीला खरा धडा पुढे आहे.

ॲलन पडले, पण निवडून कोण आले? जिम वेब हे रेगन सरकारात नौदलाचे मंत्री राहिलेले, मूळचे रिपब्लिकनच. कॉन्फेडरेट सैन्यात लढलेल्या आपल्या पूर्वजांचा त्यांना अभिमान. याच वेब यांनी २०१० साली एक लेख लिहिला. गरजू कृष्णवर्णीयांना मदत चालू राहावी, परंतु त्यापलीकडे सरकारने चालविलेले विविधतेचे कार्यक्रम बंद करावेत, आणि गोऱ्यांचे विशेषाधिकार ही एक दंतकथा आहे, असा त्यांचा सूर होता. ज्या नाना वंशांच्या मतदारांनी त्यांना तारले, त्यांना चार वर्षांत मिळालेली ही पावती! मताने शत्रूला पाडता आले, पण आपला माणूस बसविता आला नाही. ‘याला पाडा’ या घोषणेची हीच मर्यादा आहे. गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितले ते नेमके याचसाठी. आपल्या मतांवर निवडून आलेला माणूस आपल्यालाच उत्तरदायी असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पुणे कराराने तो मार्ग बंद केला. तेव्हापासून आपली मते कोणाला तरी पाडण्यासाठी मागितली जातात, आणि निकालानंतर आपल्याला दाराबाहेर उभे केले जाते.

आणखी एक बाब नमूद केली पाहिजे. ‘मकाका’ शब्दाने अमेरिकेतील भारतीय समाज दुखावला, आणि ते योग्यच होते. पण २०२३ साली कॅलिफोर्नियात जातिभेदाला कायद्याने बंदी घालण्याचे विधेयक आले, तेव्हा त्याच समाजातील काही संघटना विरोधात उभ्या राहिल्या. विधेयक विधिमंडळात संमत झाले, पण गव्हर्नरांनी ते नाकारले. गोऱ्याने माकड म्हटले की स्वाभिमान जागा होतो, आणि जातीने माणसाला माकडाहून हीन ठरविले की तो संस्कृतीचा भाग होतो. हा दुटप्पीपणा सातासमुद्रापार गेला, तरी जुनाच आहे.

मताचे हे शस्त्र कायमचे धारदार राहते, असेही नाही. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ च्या मताधिकार कायद्याचा कणाच मोडला. जुन्या वर्णभेदी राज्यांना मतदानाचे नियम बदलण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घ्यावी लागे, ते बंधन गळून पडले. आपल्याकडे २०२५ साली बिहारमध्ये मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणात मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावे गेली. व्हर्जिनियात करासाठी दीड डॉलर मागत. आज कागद मागतात. कागद कोणाकडे नसतात, हे सांगण्याची गरज आहे काय?

तेव्हा बांधवांनो, अपमान झाला की मोर्चा काढावाच, निषेध करावाच. पण निषेधाचे निवेदन केराच्या टोपलीत जाऊ शकते, मत जात नाही. आपल्या वस्तीतील प्रत्येक घराचे नाव यादीत आहे की नाही, हे आजच पाहा. जयंतीच्या मंडपात जेवढे तरुण राबतात, तेवढेच बूथवर राबले पाहिजेत. आणि मत देण्यापूर्वी ‘कोणाला पाडायचे’ एवढेच न विचारता ‘निवडून आल्यावर हा कोणाला उत्तर देणार’ हेही विचारा. व्हर्जिनियाच्या कृष्णवर्णीयांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर मतपेटीतून दिले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांना अजून लढून मिळवावे लागत आहे, आणि आपल्यालाही!

जयभीम!