सौम्य हिवाळ्यातील कडाक्याची रात्र



कार्तिक सरत आला की मोंढ्यात दोन प्रश्न हमखास निघतात. तुरीची आवक केव्हा सुरू होणार, आणि यंदा थंडी कशी राहणार? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आपल्यातील पुष्कळ कुटुंबे आजही मारवाडातील आप्तांकडे चौकशी करतात. तिकडे मावठ झाली काय, उत्तरेचा वारा सुटला काय, असे विचारतात. यात मूळ गावाची ओढ आहेच, पण हवामानाचे खरे ज्ञानही आहे. लातूर-नांदेडची थंडी बहुधा वायव्येकडूनच येते.

हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने पश्चिमी विक्षोभ एकामागून एक येतात. ते हिमालयात बर्फ पाडतात आणि राजस्थानात हलका पाऊस देतात. हीच ती मावठ. विक्षोभ पुढे सरकला की आकाश निवळते आणि हिमाच्छादित प्रदेशाकडून कोरडे, गार वारे दक्षिणेकडे वाहू लागतात. वाळवंटात हवा कोरडी असते, आकाशात ढग नसतात, आणि दिवसभर तापलेली वाळू रात्री झपाट्याने उष्णता सोडून देते. जून २०१९ मध्ये ५०.८ अंशांपर्यंत तापलेल्या चुरू येथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली जातो, तो यामुळेच. हाच वारा पुढे खानदेश ओलांडून मराठवाड्यात येतो. त्या वेळी आपल्याकडेही आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल, तर पहाटे हुडहुडी भरते.

मात्र आपल्या थंडीला दुसरीही एक बाजू आहे, ती आग्नेयेची. बंगालच्या उपसागरात वादळ उठले की ओलसर वारे आणि ढग इकडे येतात. ढग म्हणजे जमिनीवर घातलेले पांघरूण होय. ते जमिनीची उष्णता अडवून धरतात आणि रात्री उबदार होतात. मराठवाड्याचा हिवाळा म्हणजे या दोन दिशांची रस्सीखेच आहे.

२०२४-२५ चा हिवाळा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि महाराष्ट्रातील थंडी काही दिवस मागे हटली. त्याच सुमारास भारतीय हवामान विभागाने डिसेंबर ते फेब्रुवारी या काळाचा अंदाज जाहीर केला. देशाच्या बहुतेक भागांत किमान तापमान सरासरीपेक्षा अधिक आणि थंडीच्या लाटेचे दिवस कमी राहण्याची शक्यता त्यात वर्तविली होती. पुष्कळांनी त्याचा अर्थ ‘यंदा थंडी नाही’ असा लावला. डिसेंबरच्या मध्यास उत्तरेचा वारा आला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठात पारा पाच अंशांच्या आसपास उतरला. लोक म्हणाले, अंदाज चुकला. पुढे फेब्रुवारी २०२५ हा सरासरी तापमानानुसार १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. म्हणजे अंदाज खरा होता आणि ती कडाक्याची रात्रही खरी होती. आपले वाचन मात्र चुकले.

व्यापारी माणसाला हे समजणे अवघड नाही. वर्षाचा ताळेबंद नफ्याचा असला तरी त्यात एखादा आठवडा तोट्याचा असू शकतो. हंगामी अंदाज हा ताळेबंद आहे, रोजमेळ नव्हे. शिवाय तो शक्यतेच्या भाषेत असतो. कमी, सरासरीइतके आणि अधिक असे तापमानाचे तीन वाटे मानले, तर प्रत्येकाची मूळ शक्यता ३३ टक्के होते. एखाद्या वर्षी ‘अधिक’ची शक्यता ५५ टक्के सांगितली, तरी ४५ टक्के दुसऱ्या पारड्यात उरतातच. ५५ टक्क्यांवर सर्व भांडवल लावणारा सौदा आपल्यापैकी कोणी करील काय?

म्हणून तीन निर्णयांसाठी तीन अंदाज पाहावेत. हरभऱ्याच्या खरेदीचा आणि साठवणुकीचा विचार करताना हंगामी अंदाज उपयोगी पडतो. हरभऱ्याला थंड व कोरडी हवा मानवते. फेब्रुवारी लवकर तापला की दाणा भरण्यास अवधी मिळत नाही, माल लवकर तयार होतो आणि बारीक राहतो. शेतकऱ्यांशी आपला रोजचा संबंध आहे. त्यांच्या पिकासाठी पाच दिवसांचा अंदाज पाहावा. कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो आणि ‘मेघदूत’ या ॲपवरही मिळतो. अर्धापूरची केळी थंडीत गारठतात, तर ढगाळ हवेत तुरीवर व हरभऱ्यावर घाटेअळी वाढते. हा सल्ला वेळेवर सांगणारा अडत्या शेतकऱ्याला आपला वाटतो.

तिसरा अंदाज आज रात्रीच्या किमान तापमानाचा. हा माणसांसाठी आहे, आणि आपण नेमके त्याकडेच कमी लक्ष देतो. मैदानी प्रदेशात किमान तापमान दहा अंश किंवा त्याखाली गेले आणि सरासरीहून साडेचार अंश वा अधिक घटले, की हवामान विभाग थंडीची लाट मानतो. शेडमध्ये मालाच्या राशीजवळ रात्र काढणारा शेतकरी, पहाटे ओझी वाहणारा हमाल, दुकानाच्या ओट्यावर निजणारा राखणदार यांना हंगामाची सरासरी कधीच भेटत नाही. त्यांना ती एक रात्र भेटते. चातुर्मास संपवून विहारास निघालेल्या साधू-साध्वींनाही पहाटेचा रस्ता तसाच थंड लागतो. त्यांच्या सेवेतील युवकांनी धुक्याची पहाट असेल तर थोडे थांबण्याची विनंती करावी, कारण अशा वेळी वाहनचालकास पायी चालणारे दिसत नाहीत.

आपल्या संस्था ब्लँकेटे वाटतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ‘यंदा हिवाळा सौम्य’ असे वाचून हे काम लांबते आणि पुष्कळदा संक्रांतीच्या कार्यक्रमाला जोडले जाते. तोवर कडाक्याच्या काही रात्री उलटून गेलेल्या असतात. खरेदी मार्गशीर्ष लागण्यापूर्वी व्हावी आणि ब्लँकेटे दुकानाच्या माळ्यावर तयार असावीत. पारा दहाकडे झुकताना दिसला की समारंभाची वाट न पाहता त्याच संध्याकाळी ती मोंढ्यात पोहोचावीत. सौम्य हिवाळ्यात काही ब्लँकेटे उरतील. ती पुढच्या वर्षी कामास येतीलच, आणि असा शिल्लक साठा कोणत्याही वहीत तोटा म्हणून लिहावा लागत नाही.