मालदीवला जाल, तर अम्मीलाही पाण्यात उतरवा

सुट्ट्या जवळ आल्या की स्टाफरूममध्ये आणि मोहल्ल्यात एकच विषय निघतो, यंदा कुठं जायचं? पूर्वी अजमेर, हैदराबाद, फार तर महाबळेश्वर अशी उत्तरं असायची. आता मुलं मोबाइलवर निळंशार पाणी दाखवतात आणि म्हणतात, मालदीव. मग घरातलं एखादं मोठं माणूस चष्मा वर करून विचारतं, "तिथलं वातावरण आपल्याला चालेल का?" प्रश्न रास्त आहे. जाहिरातीत दिसतं ते पाहून कोणालाही तो पडेल.

पण जाहिरातीत दिसतो तो मालदीवचा एकच भाग. या देशात सुमारे १,२०० लहान लहान बेटं आहेत आणि त्यांपैकी जेमतेम २०० बेटांवर लोकवस्ती आहे. १९७२ मध्ये तिथं पहिलं रिसॉर्ट सुरू झालं. तेव्हापासून पुढची बरीच वर्षं धोरण असं होतं की पर्यटकांनी रिसॉर्टच्या बेटांवर राहायचं आणि गावकऱ्यांनी आपल्या गावात. एक बेट, एक रिसॉर्ट. तिथं दारू मिळते, डुकराचं मांस मिळतं, पोशाखाचं बंधन नसतं. फोटोंतलं मालदीव ते हे.

२००९-१० च्या सुमारास नियम बदलले आणि वस्तीच्या बेटांवर गेस्ट हाऊस काढायची परवानगी मिळाली. माफुशी हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं बेट. राजधानी मालेहून स्पीडबोटीनं साधारण अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर. अशा बेटावर तुम्ही चारचौघांच्या गावात राहता. अजान ऐकू येते, मशीद चालत पाच मिनिटांवर असते, दारू विकली जात नाही आणि हलाल-हरामचा प्रश्न जेवताना पडत नाही. आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवार. परदेशी पाहुण्यांना हवा तसा पोशाख करता यावा म्हणून किनाऱ्याचा एक तुकडा आडोसा करून वेगळा राखलेला असतो. उरलेला किनारा गावाचा. तिथं अंगभर कपडे हाच नियम आहे आणि तो पाहुण्यांनाही लागू आहे.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. त्या गावच्या किनाऱ्यावर संध्याकाळी बायका पाण्यात असतात. सलवार, लांब कुर्ता, डोक्यावर ओढणी, आणि गळ्यापर्यंत समुद्र. आया, आज्या, शाळकरी मुली, सगळ्या. त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही, कारण तिथं पोहायची तीच रीत आहे.

आता आपल्याकडचा किनारा डोळ्यांपुढे आणा. मुरुड, हर्णे, गणपतीपुळे, कुठलाही घ्या. अब्बू पँट दुमडून पाण्यात, मुलं लाटांत, आणि अम्मी? ती चटईवर. तिच्या एका बाजूला सगळ्यांच्या चपला, दुसऱ्या बाजूला डबा, मांडीवर मोबाइल आणि पाकिटं. फार आग्रह झाला तर ती घोट्यापर्यंत पाण्यात जाते आणि परत येते. घरी आल्यावर सगळे म्हणतात, सहल मस्त झाली. तिला कोणी विचारत नाही. ओले कपडे अंगाला चिकटतील, लोक पाहतील, बदलायला जागा नाही, अशी कारणं तिच्याजवळ असतात आणि ती खोटी नसतात. पण त्यांवर सैलसर जाड कपडा, गडद रंग, वर एखादा लांब झगा, कपडे बदलण्याची सोय असलेली जागा, असे साधे उपाय आहेत. ते शोधायचं आपण मनावर घेत नाही, एवढंच.

पोशाखाची चर्चा मालदीवला नवी नाही. इब्न बतूता १३४३ मध्ये तिथं पोहोचला. तिथं त्याला काजी करण्यात आलं. त्यानं जुम्याच्या नमाजेबाबत सक्ती केली आणि तिथल्या बायकांनी कमरेच्या वरही वस्त्र घ्यावं असा हुकूम काढला. तो स्वतःच लिहून ठेवतो की हे काही जमलं नाही. आपल्या समोर दाव्यासाठी येणाऱ्या बाईनं अंग झाकलेलं असावं, एवढंच त्याला पाळून घेता आलं. त्या वेळी त्या बेटांवर राज्य करत होती एक स्त्री, सुलताना खदीजा. आज त्याच बेटांवर बहुतेक बायकांचं डोकं झाकलेलं दिसतं आणि पाहुण्या बायकांसाठी वेगळा किनारा राखावा लागतो. पावणेसातशे वर्षांत काळ असा उलटला. बायकांनी काय घालावं यावर बोलायला प्रत्येक शतकात कोणी ना कोणी होतं. त्यांना पोहता यावं म्हणून काय करावं, हे बोलणारे मात्र कमीच.

आपल्या दीनमध्ये तर याला अडसर नाही. प्रवासात हुजूर (स.) आणि हजरत आयेशा (र.) यांनी धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. एकदा त्या जिंकल्या, पुढे कधीतरी हुजूर जिंकले आणि त्यांनी हसून मागची बाजू फेडल्याचं सांगितलं. नवरा-बायकोनं प्रवासात मोकळेपणी खेळावं, ही सुन्नतच्या घरातली गोष्ट आहे. तेव्हा हयाचा दाखला देऊन अम्मीला चटईवर बसवण्यापूर्वी ही रिवायतही आठवावी.

मुलांना या देशात शिकण्यासारखंही पुष्कळ आहे. तिथली दिवेही भाषा आपल्या मराठी-उर्दूच्याच मोठ्या कुळातली. आभार मानायला ते 'शुकुरिय्या' म्हणतात. त्यांची ताना लिपी उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे जाते, आणि गंमत म्हणजे तिची पहिली नऊ अक्षरं अरबी आकड्यांपासून बनली आहेत. मालेतली जुनी जामा मशीद १६५८ ची आहे. ती पोवळ्याच्या दगडांची आहे आणि त्यावरचं कोरीवकाम पाहत राहावं असं. सकाळच्या न्याहारीला 'मस हुनी' मागा: ट्युना मासा, खवलेलं खोबरं, कांदा, मिरची आणि सोबत 'रोशी', म्हणजे आपली रोटीच. कोकणातल्या घरांना ही चव परकी वाटणार नाही. आपण 'कवडीमोल' म्हणतो ना, त्या कवड्या एके काळी याच बेटांवरून बंगालात जात आणि तिथं नाणं म्हणून चालत. बदल्यात तांदूळ येई.

आता हिशेबाचं बोलू. मुंबईहून मालेला थेट विमानानं अडीच-तीन तास लागतात. भारतीय पासपोर्टवर पोहोचल्यावर मोफत प्रवेश मिळतो. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं आणि प्रवासाआधीच्या ९६ तासांत ऑनलाइन माहिती भरावी लागते. हे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी एकदा तपासा. खरा खर्च माले सोडल्यावर सुरू होतो. सरकारी फेरी सर्वांत स्वस्त, पण ती हळू चालते आणि बहुतेक मार्गांवर शुक्रवारी बंद असते. स्पीडबोट त्याहून महाग, आणि समुद्रावर उतरणारं लहान विमान सर्वांत महाग. खोलीच्या भाड्यात हा प्रवास आणि कर धरलेले आहेत का, हे लेखी विचारून घ्या.

हंगामही पाहा. डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ. मे महिन्यात आपल्या शाळांना सुट्टी असते, पण तिथं पावसाळा सुरू होतो आणि समुद्र खवळतो. दिवाळीची सुट्टी त्यामानानं बरी. रमजानमध्ये वस्तीच्या बेटांवरची खानावळी दिवसा बंद असतात. लहान मुलं सोबत असतील तर गेस्ट हाऊसमध्ये आधी सांगून ठेवा. पोहता येत असो वा नसो, लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालावं. प्रवाळाच्या कडेला पाण्याला ओढ असते आणि ती वरून दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना जाण्याआधीच सांगा. या देशाची ऐंशी टक्क्यांहून अधिक जमीन समुद्रापासून एक मीटर उंचीच्या आत आहे. समुद्र वर चढला तर आपलं काय होईल, हे जगाला दाखवण्यासाठी २००९ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळानं पाण्याखाली बैठक घेतली होती. बेटांना लाटांपासून वाचवतं ते भोवतालचं प्रवाळ. पोवळी खाणारा पोपटमासा ती दळून बाहेर टाकतो आणि त्यातूनच तिथली बरीचशी पांढरी वाळू तयार होते. म्हणून पोवळ्यावर पाय ठेवायचा नाही, आणि शिंपले, पोवळी, वाळू आठवण म्हणून पिशवीत भरायची नाही. तिथं त्याला कायद्यानं बंदी आहे. चिप्सची रिकामी पाकिटं मात्र बॅगेत घालून परत आणा. लहानशा बेटाला कचरा टाकायला जागा नसते.

परवडत असेल तर जा. परवडत नसेल तर आपला कोकणचा किनारा काही कमी नाही. कुठंही गेलात तरी बुकिंग करताना आपण जे विचारतो, नाश्ता आहे का, गरम पाणी आहे का, त्यात आणखी एक प्रश्न वाढवा: किनाऱ्याजवळ बायकांना कपडे बदलायला बंदिस्त जागा आहे का? हा प्रश्न घरातल्या पुरुषानं विचारावा. आणि किनाऱ्यावर पोहोचल्यावर चपला-मोबाइल सांभाळायची पाळी लावा. पहिली पाळी अब्बूंची.