दुसऱ्याच्या पासबुकात

आमच्या बँकेत एक साहेब होते. जेवणाच्या सुट्टीत माझ्या डब्याशेजारी एखादं आत्मचरित्र दिसलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. "दुसऱ्याच्या घरात काय डोकावता? प्रमोशनच्या परीक्षेचं वाचा!"

आता गंमत बघा. दिवसभर आम्ही दुसऱ्यांच्या पासबुकातच डोकावतो. कुणाची पेन्शन अडकली, कुणाचा चेक परत गेला, सगळं आम्हांला ठाऊक. ती म्हणे नोकरी! आणि एखादा आपण होऊन दार उघडून 'या, बसा' म्हणाला, तर ती नसती चौकशी?

वरसईच्या विष्णुभट गोडशांचंच घ्या. घरावर कर्ज. ते फेडायचं म्हणून, यज्ञातल्या दक्षिणेच्या आशेनं, हा भिक्षुक 1857 साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला आणि नेमका बंडात सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा भटजी आत! शहर पडलं, हे लुटले गेले, जीव मुठीत धरून हिंडले आणि शेवटी घरी आणली काय, तर गंगेची कावड. मी पडलो बी.कॉम. माझ्या हिशेबी हे सरळसरळ बुडीत खातं. पण 1907 साली 'माझा प्रवास' छापून आलं आणि त्याचं व्याज आपण अजून खातोय.

"ही माणसं खोटं लिहितात," हा साहेबांचा दुसरा आक्षेप. लिहीत असतील. पण खोटं लिहिणारा जमेची बाजू फुगवतो. भटजी आपली भीती लिहितात. हंसा वाडकर 'सांगत्ये ऐका'त स्वतःचं दारूचं व्यसनही लपवत नाहीत. नावेची बाजू इतकी चोख लिहिणारा खातेदार मला तरी काउंटरवर भेटलेला नाही.

खरं सांगू? वीस वर्षं एकच खिडकी. माझं आत्मचरित्र पोस्टकार्डावर मावेल, वर पत्त्याला जागा उरेल. ही पुस्तकं नसती तर माणूस म्हणजे खातेक्रमांक अशी माझी पक्की समजूत झाली असती. झालीच होती म्हणा.

परवा एक आजोबा पैसे काढायला आले. सही वाकडी. म्हटलं, "आजोबा, हात थरथरतोय का?" तर म्हणाले, "मनगट मोडलं होतं. सर्कशीत होतो, झुल्यावर."

मी पेन खाली ठेवलं. "कुठल्या सर्कशीत? पडलात कसे?"

"अहो," मागून कुणीतरी ओरडलं, "जेवणाची सुट्टी झाली का?"