मृत्यूनंतरचे हेमंत करकरे

मालेगाव बॉम्बस्फोट खटल्यातील सातही आरोपींची विशेष एनआयए न्यायालयाने ३१ जुलै २०२५ रोजी निर्दोष मुक्तता केली. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असा त्या निकालाचा थोडक्यात आशय. निकालावर चर्चा होणे स्वाभाविक होते. पण संध्याकाळपर्यंत ती चर्चा एका अशा माणसाभोवती फिरू लागली, जो खटला उभा राहण्याआधीच मरण पावला होता. हेमंत करकरे यांना सतरा वर्षांनंतर पुन्हा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात आले. आणि दुसऱ्या बाजूने तितक्याच घाईने त्यांना देव्हाऱ्यात बसवण्यात आले.

तारखा पाहिल्या तर या दोन्ही गोष्टींचा फोलपणा लक्षात येतो. मालेगावातील स्फोट २९ सप्टेंबर २००८ चा. त्यात सहा जण मृत्युमुखी पडले. साध्वी प्रज्ञासिंह ठाकूर यांना अटक झाली ती ऑक्टोबरच्या अखेरीस. करकरे मारले गेले २६ नोव्हेंबरच्या रात्री. म्हणजे तपासासाठी त्यांना मिळाले ते दोन महिनेसुद्धा पुरते नाहीत. दहशतवादविरोधी पथकाचे पहिले आरोपपत्र जानेवारी २००९ मध्ये दाखल झाले. त्यानंतर २०११ मध्ये तपास एनआयएकडे गेला, २०१६ मध्ये त्या यंत्रणेने पुरवणी आरोपपत्रात वेगळी भूमिका घेतली, साक्षीदार फिरले, सरकारे बदलली. या प्रदीर्घ प्रवासाचा शेवट जिथे झाला, तो करकरे यांच्या सचोटीचा निकाल नव्हे आणि त्यांच्या तपासाला मिळालेले प्रमाणपत्रही नव्हे. ज्याला साक्षीला बोलावता येत नाही, उलटतपासणीत उत्तर देता येत नाही, त्याच्या नावावर हार-जीत लिहिणे मात्र सर्वांनाच सोयीचे वाटते.

कर्तव्य बजावताना पोलीस अधिकारी मारला जातो तेव्हा समाज कसा वागतो, याचा आपल्याकडे इतका दीर्घ आणि इतका तपशीलवार दाखला दुसरा नसावा. नोव्हेंबर २००८ च्या मध्यावर करकरे हे राज्यातील सर्वाधिक टीका सहन करणारे पोलीस अधिकारी होते. विरोधी पक्षांचे मोठे नेते त्यांच्या तपासावर तुटून पडले होते, पथकाच्या हेतूंविषयी जाहीर सभांतून शंका घेतल्या जात होत्या. २६ तारखेच्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनस परिसरात शिरस्त्राण आणि जाकीट चढवणारे करकरे दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसले आणि काही तासांतच ते गेल्याची बातमी आली. २९ नोव्हेंबरला त्यांना अखेरचा निरोप देण्यासाठी मुंबईकर रस्त्यावर उभे होते. टीका करणारे आवाज एका रात्रीत बंद झाले, असे म्हणण्यापेक्षा त्यांनी सूर बदलला असे म्हणणे अधिक बरोबर. गुजरात सरकारने देऊ केलेली एक कोटी रुपयांची मदत कविता करकरे यांनी नाकारली, तेव्हा त्या नकाराचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

त्या दिवसांतला लोकांचा राग राजकारण्यांवर होता. ३ डिसेंबरला गेटवे ऑफ इंडियापाशी जमलेल्या प्रचंड समुदायाच्या घोषणा पाकिस्तानविरुद्ध होत्या तशाच आपल्या सत्ताधाऱ्यांविरुद्धही होत्या. त्या संतापाने विलासराव देशमुखांचे मुख्यमंत्रिपद आणि आर. आर. पाटलांचे गृहमंत्रिपद गेले. त्या क्षणी पोलीस आणि नागरिक एका बाजूला आणि राज्यकर्ते दुसऱ्या बाजूला, असे चित्र होते. आपल्या सार्वजनिक जीवनात ते क्वचितच दिसते. टिकले मात्र नाही.

पहिला तडा तीन आठवड्यांतच गेला. केंद्रीय मंत्री अ. र. अंतुले यांनी करकरे कामा रुग्णालयाच्या गल्लीत गेलेच कसे, त्यांना तिथे कुणी पाठवले, असा सवाल करून संशयाचे धुके निर्माण केले. सरकारला संसदेत त्याचे खंडन करावे लागले. पुढे निवृत्त पोलीस महानिरीक्षक एस. एम. मुश्रीफ यांच्या पुस्तकाने त्या संशयाला पुस्तकरूप दिले. कसाबची शिक्षा कायम करताना २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या गल्लीतील हत्यांचाही विचार केला होता. तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत विजय वडेट्टीवार यांनी, करकरे यांना लागलेली गोळी कसाबची नव्हती हा दावा त्याच पुस्तकाच्या आधारे पुन्हा केला. दुसऱ्या बाजूची गोष्ट त्याहून कडवट. एप्रिल २०१९ मध्ये भोपाळच्या उमेदवार असलेल्या प्रज्ञासिंह ठाकूर यांनी, आपल्या शापाने करकरे यांचा सर्वनाश झाला, असे जाहीरपणे सांगितले. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांच्या संघटनेने निषेध केला, पक्षाने हे त्यांचे वैयक्तिक मत म्हणून अंग काढून घेतले, त्यांनीही विधान मागे घेतले. महिनाभराने त्या साडेतीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या.

या मताधिक्याचा सरळ अर्थ लावणे धाडसाचे ठरेल. भोपाळच्या मतदाराने करकरे यांच्याविरुद्ध मत दिले असे कुणी म्हणू नये. निवडणुका अनेक कारणांनी जिंकल्या जातात. पण इतके नक्की म्हणता येते की, अशोकचक्राने गौरवलेल्या अधिकाऱ्याचा असा उल्लेख करणे ही निवडणुकीत महाग पडणारी गोष्ट राहिलेली नव्हती. २००८ च्या डिसेंबरमध्ये ती पडली असती.

वृत्तपत्राच्या कचेरीत बसणाऱ्याला या प्रश्नाची आणखी एक बाजू रोज दिसते. पोलीस मारला गेल्याची बातमी येते तेव्हा मथळ्यात शब्द कोणता घालायचा? गडचिरोलीत भूसुरुंगाच्या स्फोटात गेला तर ‘हुतात्मा’ किंवा ‘शहीद’ हा शब्द बोटांतून आपोआप उतरतो. नाकाबंदीवर उभा असताना भरधाव वाहनाने चिरडला तर ‘मृत्यू’. कुणी डोक्यात लाकडी दांडके घातले तर ‘हत्या’. हे वर्गीकरण कुठे लिहिलेले नाही. संरक्षण आणि गृह या दोन्ही मंत्रालयांनी २०१७ मध्ये केंद्रीय माहिती आयोगापुढे स्पष्ट केले होते की ‘शहीद’ ही संज्ञा लष्करासाठीही नाही आणि पोलिसांसाठीही नाही. म्हणजे हा शब्द द्यायचा की नाही हे सरकार ठरवत नाही, आपण ठरवतो; आणि ते मृताच्या कर्तव्यावरून नव्हे, मारणाऱ्याच्या ओळखीवरून ठरवतो. शत्रू जेवढा मोठा तेवढा मृत्यू मोठा. गोव्यात तर ‘हुतात्मा’ म्हटले की आधी पत्रादेवी आठवते, १५ ऑगस्ट १९५५ आठवतो. इथे या शब्दाचे वजन वेगळे आहे आणि तो सहजासहजी वापरला जाऊ नये, हेही मला पटते. पण मग निकष तरी एकच असावा.

विलास शिंदे हे नाव आज किती जणांना आठवते? मुंबई वाहतूक शाखेतील हे हवालदार. ऑगस्ट २०१६ मध्ये खार येथे त्यांनी दुचाकीवरील एका अल्पवयीन मुलाला अडवले. मुलाने भावाला बोलावून घेतले आणि शिंदे यांच्या डोक्यात प्रहार झाला. आठवडाभर मृत्यूशी झुंजून ते ३१ ऑगस्टला गेले. तेव्हा संताप मोठा होता, पोलिसांच्या पत्नी रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांच्या मागण्यांत पुतळा नव्हता. पतीच्या अंगावर हात टाकणाऱ्याला कायद्याची भीती वाटावी एवढेच त्यांचे म्हणणे होते. ते प्रकरण लवकरच विस्मरणात गेले, कारण त्यातून कोणत्याच पक्षाला दीर्घकाळ पुरेल असा मुद्दा निघत नव्हता. शिवाय त्या मुलाच्या जागी आपणही असू शकतो, ही जाणीव अडचणीची असते. तालांव देणाऱ्या पोलिसाशी हुज्जत घालणे, ओळखीच्या राजकारण्याला तिथूनच फोन लावणे, हे गोव्यातल्या कुठल्याही नाक्यावर दिसणारे दृश्य आहे. दहशतवाद्याशी आपले काही साम्य नसते. म्हणून त्याने मारलेल्या पोलिसासाठी मेणबत्ती लावणे सोपे जाते.

मोठ्या मृत्यूंतही पायऱ्या असतात. कामा रुग्णालयाजवळच्या त्या क्वालिस गाडीत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर यांच्यासोबत चार पोलीस शिपाई होते. बाळासाहेब भोसले, जयवंत पाटील आणि योगेश पाटील मारले गेले. जखमी अरुण जाधव सहकाऱ्यांच्या देहांखाली पडून राहिले म्हणून वाचले. तीन अधिकाऱ्यांची नावे आपल्याला एका दमात म्हणता येतात. पुढची तीन नावे बहुतेकांना ठाऊक नसतात. तुकाराम ओंबळे हा यातला सन्माननीय अपवाद. लष्करातून निवृत्त होऊन पोलिसांत आलेला, सातारा जिल्ह्यातील केडंबे गावचा हा सहायक उपनिरीक्षक हातातल्या लाठीनिशी गिरगाव चौपाटीवर उभा होता. त्याने कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली नसती तर हल्ल्याचा सूत्रधार देश कोणता हे सिद्ध करणे किती कठीण गेले असते, याचा अंदाज आज, तहव्वूर राणाला अमेरिकेतून आणल्यानंतर, अधिक चांगला येतो. ओंबळे यांच्या नावावर कुणी वाद घालत नाही. त्याचे कारण त्यांचे शौर्य आहेच. त्यांनी कोणत्याही नाजूक प्रकरणाचा तपास केलेला नव्हता, हेही आहे.

या सगळ्या गदारोळात मृतांच्या घरच्यांनी विचारलेले प्रश्न मात्र अगदी साधे होते. विनिता कामटे यांनी माहितीच्या अधिकाराचा वापर करून नियंत्रण कक्षातील बिनतारी संभाषणाच्या नोंदी मिळवल्या. जवळच पोलीस मुख्यालय असताना गल्लीतील जखमींपर्यंत मदत इतक्या उशिरा का पोहोचली, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. ‘टु द लास्ट बुलेट’ हे त्यांचे पुस्तक त्या शोधातून आले. पतीच्या अंगावरचे जाकीट गेले कुठे, असे कविता करकरे विचारत राहिल्या. शेवटी कळले ते एवढेच की रुग्णालयातील कर्मचाऱ्याने ते कचऱ्यात टाकले. जाकिटांच्या दर्जाचा वाद तोवर वेगळ्याच वाटेने गेला होता. राम प्रधान समितीने पोलीस दलाच्या तयारीतील उणिवा दाखवल्या, तत्कालीन आयुक्तांच्या नेतृत्वावर बोट ठेवले. त्या अहवालावरही त्यातल्या शिफारशींपेक्षा तो फुटला कसा यावरच जास्त बोलले गेले. कविता करकरे २०१४ मध्ये गेल्या. त्यांच्या इच्छेनुसार की मुलांच्या निर्णयाने हा भाग घरचा. त्यांचे अवयव मात्र गरजू रुग्णांना दिले गेले.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला, १९५९ साली लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी गोळीबारात पडलेल्या दहा जवानांच्या स्मरणार्थ, देशभरच्या पोलीस मैदानांवर वर्षभरात गेलेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. तिथे करकरे आणि शिपाई एकाच आवाजात, एकाच लयीत वाचले जातात. त्या वाचनाला माणसे फार नसतात. जुलैमध्ये मालेगावच्या निकालानंतर जे वाद रंगले, त्यांना प्रेक्षकांची कमतरता नव्हती. करकरे चुकले की बरोबर होते यावर तावातावाने बोलणाऱ्या दोन्ही बाजूंपैकी कुणीही, त्या रात्री नियंत्रण कक्षाने गल्लीत कुमक का पाठवली नाही, हा विनिता कामटे यांचा प्रश्न विचारल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.