कार्ड बदललं, पत्ता बदलला



सोलापूरचा वळवाचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. दिवसभर अंग भाजणारं ऊन, संध्याकाळी धुळीचा लोट आणि मग कडकडाट. यंदा मे महिन्यात अशाच एका संध्याकाळी वीज पडली आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरचं नेटवर्क कार्ड गेलं.

हा कॉम्प्युटर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दिवसभर चालू असतो. मुलगी त्याला ‘घरचा सर्व्हर’ म्हणते. प्रकरण साधंच आहे: फाइली एका ठिकाणी ठेवायच्या आणि घरातल्या कुठल्याही मोबाइलवर किंवा टीव्हीवर उघडायच्या. त्यात मुलांच्या मार्कशीट आहेत, लग्नाचे फोटो आहेत आणि अब्बांचा आवाज आहे. अब्बांचं आयुष्य चादरीच्या कारखान्यात गेलं. शेवटच्या वर्षी मी त्यांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. दर जुम्म्याला असरनंतर अम्मी त्या टीव्हीवर ऐकतात.

दुकानदाराने नवीन कार्ड बसवून दिलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पण टीव्हीवर फोल्डर दिसेना, मोबाइलवरही नाही. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, ‘‘मॅडम, फॉरमॅट मारून विंडोज नव्याने टाकावं लागेल.’’ अम्मींनी ऐकलं आणि एवढंच विचारलं, ‘‘बेटा, अब्बांचा आवाज गेला का?’’

रेकॉर्डिंगची दुसरी प्रत माझ्याकडे नव्हती. ही चूक माझीच. फॉरमॅटला मी ठाम नकार दिला.

वर्गात हुशार मुलाचे गुण अचानक घसरले, की आपण आधी पाहतो, त्याच्या आयुष्यात नेमकं काय बदललं? इथेही तोच प्रश्न. बदललं होतं फक्त कार्ड. डिस्कला कोणी हात लावला नव्हता. कॉम्प्युटरवर फोल्डर उघडून पाहिलं, सगळ्या फाइली जागेवर होत्या. वस्तू घरातच होती, पाहुण्यांना दार सापडत नव्हतं.

मग मुलगी आणि मी एकेक पायरी तपासली. आधी केबल. कार्डाचा आणि राउटरचा दिवा लुकलुकत होता. त्याच कॉम्प्युटरवर इंटरनेटही चालत होतं. म्हणजे कार्ड ठीक होतं.

नंतर पत्ता. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजीत टाइप केली. पूर्वी आमचा पत्ता १९२.१६८.१.५० होता, आता शेवटी ७ आला होता. कारण असं, की प्रत्येक नेटवर्क कार्डाला स्वतःचा बारा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक असतो. त्याला मॅक अॅड्रेस म्हणतात. राउटरच्या हजेरीपटात ५० क्रमांकाची जागा जुन्या कार्डाच्या मॅकच्या नावावर राखून ठेवलेली होती. नवीन कार्ड त्याला अनोळखी वाटलं, म्हणून त्याने दुसरी रिकामी जागा दिली. टीव्ही मात्र अजून जुन्याच पत्त्यावर दार ठोठावत होता. राउटरच्या सेटिंगमध्ये जुनी नोंद काढून नव्या कार्डाचा मॅक लिहिला आणि दोन्ही यंत्रं बंद करून पुन्हा सुरू केली. ५० परत आला.

तरीही फोल्डर उघडेना! शेवटचा अडसर विंडोजचा होता. नवीन कार्ड आल्यामुळे त्याने आमचंच घर परकं मानून नेटवर्कला ‘पब्लिक’ ठरवलं होतं. ‘पब्लिक’मध्ये बाहेरच्यांसाठी फाइलींचं दार बंद राहतं. नेटवर्क सेटिंगमध्ये ते ‘प्रायव्हेट’ केलं आणि टीव्हीवर फोल्डर दिसलं. मात्र हा बदल फक्त स्वतःच्या घरच्या नेटवर्कवर करा. स्टेशन, हॉटेल अशा ठिकाणी ‘पब्लिक’च बरं.

तुमच्याकडे असं झालं तर आणखी दोन गोष्टी बघा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तेव्हा केबल, राउटर आणि कार्डाचा ड्रायव्हर तपासा. आणि पत्ता तुम्ही कॉम्प्युटरमध्येच हाताने भरला असेल, तर ती नोंद जुन्या कार्डाबरोबर गेली. नव्या कार्डासाठी ती पुन्हा भरावी लागते.

आता कॉम्प्युटरच्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. त्यावर पत्ता, मॅक आणि कार्ड बदलल्याची तारीख आहे. रेकॉर्डिंगची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर कपाटात आहे, दुसरी भावाच्या घरी. विजा कडाडू लागण्याआधीच प्लग आणि राउटरची केबल काढायची, हे काम धाकट्याने अंगावर घेतलं आहे.

त्या जुम्म्याला अब्बांचा आवाज पुन्हा घरात घुमला. मागांच्या खडखडाटातही मित्राची हाक कशी ओळखू यायची, ते सांगत होते. अम्मी डोळे मिटून ऐकत होत्या.

दिसत नाही म्हणजे गेलं, असं नसतं. कोणी ‘सगळं पुसून टाका’ म्हणालं, तर आधी विचारा, नेमकं बदललं काय?