दौलताबादचा हौद आणि ‘दुकान’ या शब्दाचा अर्थ

दौलताबादच्या किल्ल्याविषयी यादव, तुघलक आणि अंधारी यांच्या कथा सर्वांना ठाऊक असतात. त्याच्या प्रवेशद्वारापाशी १९३४ मध्ये काय घडले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह येथे आले होते. मुलूख निजामाचा, महिना रमजानचा. धुळीने माखलेल्या काहींनी दाराबाहेरच्या हौदावर हातपाय धुतले आणि ‘हौद बाटवला’ म्हणत स्थानिक मुसलमानांचा जमाव शिवीगाळ करीत धावून आला. अस्पृश्यता केवळ हिंदू वस्तीपुरती नव्हती, याची ही जळजळीत साक्ष. अखेर किल्ला पाहू दिला, पण आत कोणी पाण्याला शिवू नये म्हणून सशस्त्र शिपाई सोबत देऊन!

चौदा वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधान सभेत आजच्या कलम १५ वर चर्चा झाली. त्यात हौद, विहिरी, उपाहारगृहे आणि दुकाने एकाच उपकलमात आहेत. ‘दुकान’ म्हणजे नेमके काय, या प्रश्नावर बाबासाहेबांनी दिलेला अर्थ व्यापक होता: येईल त्याला सेवा देण्यास मालक तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान. केवळ प्रवेश पुरेसा नाही. अटी मान्य असतील तर सेवाही दिली पाहिजे. ‘दुकान माझे, मर्जी माझी’ हा युक्तिवाद तेथेच निकालात निघाला.

१९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेपोटी माल वा सेवा नाकारणे गुन्हा ठरवले. त्याचे कलम १२ सर्वांत धारदार आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे.

पण नकार न देता केवळ पाळत ठेवली तर? ऑस्ट्रेलियातील आदिवासी ग्राहकांची हीच तक्रार आहे आणि आपल्याकडील पारध्यांचीही. १८७१ पासून वेगवेगळ्या रूपांत चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. गल्ल्यामागची नजर मात्र तीच राहिली. फासेपारधी अनुसूचित जमातीत येतात, म्हणून कलम १२ चे गृहीतक त्यांच्या वाट्याला येत नाही. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधार घ्यावा, तर अपमान हेतुपुरस्सर होता हे तक्रारदाराच्या बाजूनेच सिद्ध करावे लागते. ग्राहकांपैकी एकट्या पारधी बाईचीच पिशवी का तपासली, याचा खुलासा दुकानदारानेच करावा, अशी तरतूद विमुक्तांसाठीही हवी.